पहिल्या पाण्याची वाट पाहणारे मासे

मृगाचा एखादा दमदार पाऊस झाला की मराठवाड्यातले कोरडे ओढे तासा-दोन तासांत गढूळ पाण्याने वाहू लागतात. असा ओढा जिथे पैठणच्या नाथसागराला मिळतो, तिथे दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन उभे राहावे. गुडघाभरही खोल नसलेल्या पाण्यात मासे प्रवाहाच्या उलट दिशेने चढताना दिसतात. उथळ जागी त्यांची पाठ पाण्याबाहेर येते, तरी ते मागे फिरत नाहीत. त्यांच्या वाटेवर आसपासच्या गावांतली मुले आणि मोठी माणसे जुनी मच्छरदाणी, पाटी, धोतर, जे हाती लागेल ते घेऊन उभी असतात. एरवी दिवसभर जाळे टाकून मिळणार नाही इतकी मासळी तासाभरात मिळते.

ठाणे-रायगडकडे या प्रकाराला ‘वलगण’ म्हणतात. दक्षिण कोकणात आणि कोल्हापूरच्या बाजूला ‘चढणीचे मासे’ म्हणतात. चढणीच्या माशाची चव वेगळीच, असे खाणारे आवर्जून सांगतात. ती चव कुठून येते हे मासा चिरला की लगेच कळते. त्याचे पोट गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, गच्च भरलेले असते.

हे मासे काल कुठे होते? आजच का निघाले? आणि जिकडून पाणी येते तिकडेच का चालले आहेत? विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही जेव्हा जेव्हा त्या काठावर गेलो, तेव्हा हेच तीन प्रश्न हमखास विचारले गेले. त्यांची उत्तरे मात्र एका दमात देता येत नाहीत.

आधी जागेची ओळख करून घेऊ. छत्रपती संभाजीनगरपासून दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर पैठण आहे. तिथे गोदावरीवर बांधलेले जायकवाडी धरण १९७६ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. त्यामागे पसरलेला जलाशय म्हणजे नाथसागर. पूर्ण भरला असता त्याचे क्षेत्र सुमारे ३५० चौरस किलोमीटर असते आणि त्यात सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर पाणी मावते. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागून पाहा. सरासरी खोली जेमतेम ८ मीटर येते! एवढा विस्तीर्ण जलाशय प्रत्यक्षात एक मोठी परात आहे. परातीत पाणी थोडे कमी झाले तरी काठ केवढा तरी उघडा पडतो. नाथसागराचेही तसेच होते. उन्हाळ्यात पाणी मागे हटते, उघड्या पडलेल्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात आणि पावसाळ्यात ती जमीन पुन्हा बुडते. ही उथळ, वर्षातून एकदा बुडणारी जमीन आपल्या गोष्टीत पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

आता मासे. शिवडा, तांबर, कानशी, शिंगटा ही इथली जुनी मंडळी. नावे गावागणिक थोडी बदलतात. कटला, रोहू आणि मृगळ हे मासे मुळात मुख्यतः उत्तरेकडच्या नद्यांतले; इथे ते बीज सोडून वाढवले जातात. या सगळ्यांच्या मादीच्या पोटात हिवाळा सरल्यापासून अंडी वाढू लागतात. दिवस मोठा होत जातो, पाणी तापत जाते आणि त्याबरोबर अंडाशयही वाढत जातो. मे अखेरीस तो पूर्ण तयार असतो, पण मादी अंडी घालत नाही. ती थांबते.

हे थांबणे नीट समजावे म्हणून पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूच्या एका माशाकडे पाहू. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात आणि त्याच्या उत्तरेला कॅनडात हजारो गोड्या पाण्याची सरोवरे आहेत. हिवाळ्यात ती गोठतात. तिथे वॉलआय नावाचा शिकारी मासा असतो. मांजरासारखाच त्याच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे अंधूक उजेडातही त्याला शिकार दिसते. वसंतात बर्फ वितळले आणि पाणी साधारण ६ ते १० अंश सेल्सिअसवर आले की वॉलआय रात्रीच्या वेळी किनाऱ्यालगतच्या गोट्या-खडीवर किंवा सरोवराला मिळणाऱ्या नदीत चढून अंडी घालतो. म्हणजे तिकडचा मासा बर्फ फुटण्याची वाट पाहतो आणि आपल्याकडचा पावसाची. दोघांचाही हिशोब एकच आहे. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाला सूक्ष्म अन्न मिळण्याचे दिवस वर्षात थोडेच असतात. अंडी त्यांच्या थोडी आधी घातली गेली पाहिजेत. कुठे तो मुहूर्त तापमानावरून ओळखता येतो, कुठे पुरावरून.

पुराची नेमकी कोणती खूण माशाला कळते? ढगाळ हवेने उतरलेले तापमान, वाहत्या पाण्याचा अंगाला होणारा स्पर्श, गढूळपणा, पाण्यातल्या क्षारांचे घटलेले प्रमाण, काठावरची जमीन भिजल्याने पाण्यात उतरलेली द्रव्ये. बहुधा यांतले एकटे कोणतेच पुरत नाही, सगळे मिळून काम करते. बंगालमध्ये बांकुडा-मेदिनीपूरकडे उतारावर बांध घालून केलेल्या तळ्यांत पावसाचे ताजे पाणी जोराने उतरू देतात. तेवढ्यावर तिथले रोहू-कटला अंडी घालतात. मात्र त्याच जातीचे मासे साध्या तळ्यात कितीही धष्टपुष्ट झाले तरी अंडी घालत नाहीत. अन्न, पाणी, जोडीदार, सारे असते. नसतो तो फक्त पूर.

बाहेरची ही खूण शरीरात कशी पोचते? डोळे, त्वचा आणि अंगाच्या दोन्ही बाजूंवरची पार्श्वरेखा (पाण्याची हालचाल टिपणारी संवेदनशील रेघ) यांच्याकडून निरोप मेंदूत जातो. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून एक संप्रेरक सुटते. ते पीयूषिका ग्रंथीला जागे करते आणि ही ग्रंथी रक्तात दुसरी संप्रेरके सोडते. ती अंडाशयात पोचली की काही तासांत अंडी पक्व होऊन मोकळी होतात. एरवी डोपामिन हे द्रव्य या साखळीला ब्रेक लावून ठेवते. पूर आला की तो ब्रेक सुटतो.

साखळीची शेवटची कडी कळली, तेव्हा पुराला वगळण्याचा मार्गही सापडला. १९३० च्या दशकात अर्जेंटिना आणि ब्राझीलमधल्या शास्त्रज्ञांनी एका माशाची पीयूषिका काढून तिचा अर्क दुसऱ्याला टोचला आणि अंडी मिळवली. आपल्याकडे १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल येथे हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रयोग आपल्या प्रमुख कार्प माशांवर यशस्वी केला. १० जुलै हा दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. आज पीयूषिकेच्या अर्काऐवजी कृत्रिम संप्रेरक आणि डोपामिनला अडवणारे औषध एकत्र टोचतात. संध्याकाळी इंजेक्शन दिले की पहाटेपर्यंत अंडी मिळतात. पुढे १४ ते १८ तासांत जिरे (अंड्यातून नुकतेच निघालेले पिल्लू), मग बोटुकली, आणि बोटुकली धरणात. नाथसागरातल्या कटला-रोहूचा संसार मुख्यतः असा चालतो.

या शोधाचे मोल मोठेच आहे. पण त्याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. ज्या माशांना बाजारात भाव आहे, ते पुरावर अवलंबून राहिले नाहीत. त्यामुळे पुराची आणि ओढ्याची काळजी करण्याचे कारणही उरले नाही. शिवडा, तांबर, कानशी यांचे बीज कोणी पोतीच्या पोती भरून आणून सोडत नाही. त्यांच्यासाठी पहिले पाणी हाच एक दरवाजा आहे.

आता तिसरा प्रश्न, उलट दिशेने चढण्याचा. तरंगणारी किंवा तळाशी हलकेच लोळणारी अंडी आणि दुबळी पिल्ले प्रवाहाबरोबर खाली वाहत येतात. मादीने वर जाऊन अंडी घातली तर ती वाहत नेमकी काठच्या उथळ, नव्याने बुडालेल्या जमिनीवर येतात. तिथे मोठे शिकारी मासे अजून पोचलेले नसतात. कुजणारे गवत, गाळपेरीची धसकटे आणि पाण्याने आणलेला कस यांच्यावर सूक्ष्म जीव झपाट्याने वाढतात. पिल्लाच्या पोटातली बलकाची शिदोरी साधारण तीन दिवसांत संपते. त्याच सुमारास बाहेर ताट वाढून तयार असते. ज्या मादीचा हा मुहूर्त चुकतो, तिची पिल्ले उपाशी मरतात.

वर्गात करता येईल असा एक प्रयोग सांगतो. जून-जुलैत बाजारातून गाबोळी असलेली एक रोहू आणावी. आधी अख्खा मासा तोलावा, मग अंडाशय वेगळा काढून तोलावा. समजा, मासा १,२०० ग्रॅम आणि अंडाशय २१६ ग्रॅम भरला. म्हणजे शरीराच्या १८ टक्के वजन अंड्यांचे! त्यातला अर्धा ग्रॅम तुकडा मिठाच्या पाण्यात उकळून अंडी सुटी करावीत आणि काळ्या कागदावर मोजावीत. समजा ६०० भरली. मग पूर्ण अंडाशयात किती? २,५९,२००. (काम कंटाळवाणे आहे. तुकडा चार मुलांत वाटून दिला तर तासात संपते.)

इथे एखादा चुणचुणीत मुलगा विचारतोच, “एका मादीची एवढी अंडी, तर चढणीचे चार मासे धरले म्हणून काय बिघडले?” प्रश्न रास्त आहे. उत्तर त्याच आकड्यात आहे. माशांची संख्या वर्षानुवर्षे स्थिर राहायची असेल, तर एका मादीने आयुष्यभरात घातलेल्या सगळ्या अंड्यांतून सरासरी दोनच पिल्ले मोठी होऊन वंश चालवतात. बाकीची जातात. ओढ्यात चढणारी मादी ही त्या लाखांतून वाचलेल्या दोघांपैकी एक असते. तिला धरणे आणि तिच्या अंड्यातले एक पिल्लू धरणे यांत म्हणूनच अंतर आहे. शिवाय मोठ्या जलाशयात विखुरलेल्या माद्या त्या एका दिवशी दोन-तीन मीटर रुंदीच्या वाटेवर एकत्र येतात. तिथे आडवे लावलेले बारीक आसांचे (आस म्हणजे जाळ्याचे एक घर) जाळे फार मोठा वाटा उचलून नेऊ शकते.

काठावरच्या भोई समाजातल्या एका वृद्ध मच्छीमाराशी आमचे यावर बरेच बोलणे झाले. त्यांच्या वडिलांच्या काळात पहिल्या पाण्यानंतर आठ दिवस ओढ्याच्या तोंडाशी जाळे लावत नसत. पोटुशी मासळी माहेरी चाललेली असते, तिला अडवू नये, असे ते म्हणाले. आता तुम्ही ते पाळता का, असे आम्ही विचारले. ते हसले. मी जाळे उचलले तर शेजारचा लावतो. मग माझ्या घरी चूल पेटत नाही आणि मासळीही वाचत नाही, असे त्यांचे उत्तर होते. आमच्या जवळच्या आलेखांत या उत्तराला तोड नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

मच्छीमारालाच दोष देऊन भागणार नाही. धरणाखालून वर येणारे मासे दरवाज्यांशी येऊन थांबतात. वरच्या बाजूला गेले तर नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. तो विसाव्या शतकाच्या आरंभी बांधला गेला. त्याच्याही वर धरणांची मालिका आहे. नाथसागराला येणारे मोठे पाणी नाशिक-अहिल्यानगरच्या घाटमाथ्यावरून येते आणि आधी ती धरणे भरतात. २०१६ च्या उन्हाळ्यात इथला उपयुक्त साठा शून्यावर गेला होता. २०२४ मध्येही उन्हाळा कोरडाच गेला आणि जलाशय भरून दरवाजे उघडेपर्यंत सप्टेंबर उजाडला. तयार अंडी घेऊन थांबलेली मादी इतके दिवस थांबू शकत नाही. पूर लांबला की अंडी खराब होतात आणि शरीर ती परत शोषून घेते. चार महिन्यांची कमाई तशीच जिरते. टिलापियाला मात्र याचे काहीच वाटत नाही. १९५२ मध्ये आपल्या देशात आणलेला हा मासा साचलेल्या पाण्यातच खड्डा करून वीण घालतो, मादी अंडी तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेकदा हे चालते. ज्या पाण्यात पूर येत नाही, ते टिलापियाचे पाणी.

मिनेसोटातल्या रेड लेक सरोवराची हकीकत इथे सांगण्याजोगी आहे. त्या भागात वॉलआयच्या विणीच्या दिवसांत, मेच्या मध्यापर्यंत, त्याची मासेमारी बंद असते. तरीही अति मासेमारीने रेड लेकमधला वॉलआय १९९० च्या दशकाच्या मध्यात जवळजवळ संपला. सरोवराचा मोठा भाग तिथल्या ओजिब्वे आदिवासींच्या ताब्यात आहे, उरलेला राज्याच्या. १९९९ मध्ये दोघांनी करार केला. वॉलआय धरणे पूर्ण बंद केले आणि कोट्यवधी पिल्ले सोडली. मासेमारी पुन्हा सुरू झाली ती २००६ मध्ये. सात वर्षे दोन्ही बाजूंनी जाळे उचलले, हे त्यातले अवघड काम. पिल्ले सोडणे त्या मानाने सोपे होते.

आपल्याकडे समुद्रावर जून-जुलैत यांत्रिक नौका किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि ते सर्वांना ठाऊक असते. ओढ्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मच्छरदाणीकडे मात्र कोणाचे लक्ष नसते. तिथे आठ दिवसांची बंदी कागदावर आणून उपयोग नाही. काठावरच्या सगळ्या गावांनी ती एकाच दिवशी पाळली आणि त्या आठ दिवसांच्या चुलीची सोय झाली, तरच ती टिकेल, असे आमचे मत आहे.

नाथसागराच्या काठच्या शाळांनी एक नोंदवही ठेवावी अशी आमची विनंती आहे. गावचा ओढा कोणत्या तारखेला पहिल्यांदा वाहिला, चढणीचे मासे कधी दिसले, गावात त्यांची नावे काय आहेत, पोटात गाबोळी होती का, एवढेच लिहायचे. मासा विकत घेण्याचीही गरज नाही. पाटीत डोकावून, दाबल्यावर अंडी सुटतात का एवढे विचारले की पुरे. कायगाव टोक्याच्या पुलाजवळचे आणि पैठणच्या बाजूचे ओढे एकाच दिवशी वाहत नाहीत. दोन शाळांच्या वह्या शेजारी ठेवल्या की ते पहिल्याच वर्षी दिसेल.