द्राक्ष घडाची विरळणी : जीए तोच, पण अवस्था बदलली की काम बदलते

ऑक्टोबर छाटणीनंतर निफाड, दिंडोरीच्या बागा फुटून घड दिसू लागले की गावोगावी एकच प्रश्न असतो. जीए कधी मारायचा आणि किती?

जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड. हे खत नाही, कीटकनाशकही नाही, संजीवक आहे. थॉमसनचा घड मुळातच गच्च. मणी फुगले की एकमेकांना दाबतात, फुटतात, कूज लागते. आतपर्यंत फवारा पोचत नाही, मिलीबग तिथेच दडतो. सगळी विरळणी कात्रीने करायची तर मजुरांची टोळी ऐन वेळी मिळत नाही. म्हणून काही काम जीएवर सोपवतात.

तीन अवस्था, तीन कामे

पोपटी अवस्था : घड पोपटी रंगाचा असताना 10 पीपीएम आणि चार-पाच दिवसांनी 15 पीपीएम देतात. घडाचा दांडा लांबतो, पाकळ्या मोकळ्या होतात.

फुलोरा : साधारण निम्मी फुले उमलल्यावर दिलेला जीए काही फुलांची गळ करतो. खरी विरळणी हीच, आणि सगळ्यात जास्त धोकाही इथेच.

मणी सेटिंगनंतर : मणी 3 ते 4 मिलिमीटरचा झाल्यावर आणि पुन्हा 6 ते 7 मिलिमीटरला घड द्रावणात बुडवतात. आता गळ होत नाही, मणी फुगतो.

म्हणून छाटणीचे दिवस मोजून भागत नाही, घड बघावा लागतो. एकाच बागेत पुढे-मागे फुटलेल्या ओळी असतील तर त्यांची फवारणीही पुढे-मागे.

हिशोब असा

1 पीपीएम म्हणजे 1 लिटर पाण्यात 1 मिलिग्रॅम. 200 लिटरला 10 पीपीएम करायला 2 ग्रॅम शुद्ध जीए लागतो. पावडर 90 टक्क्यांची असेल तर सुमारे 2.2 ग्रॅम. अंदाजाने पुडी ओतली तर दांडा जाड आणि कडक होतो, घडाला पीळ पडतो, बारीक मणी राहतात.

साधी पावडर पाण्यात नीट विरघळत नाही, आधी अल्कोहोल किंवा ॲसिटोनमध्ये विरघळवावी. पाण्याचा सामू 5.5 ते 6.5 ठेवावा. बोर्डोसारख्या चुन्याच्या औषधात जीए मिसळू नये. फवारणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, म्हणजे द्रावण सावकाश वाळते.

कधी हात आखडायचा

फुलोऱ्यात ढगाळ हवा किंवा पाऊस असेल तर गळ आपोआप होते. त्यात जीए मारला तर घडाचा नुसता सांगाडा उरतो आणि वर्षाचा खर्च अंगावर येतो. अशा वेळी फवारणी थांबवलेली बरी. जास्त राहिलेला मणी कात्रीने काढता येतो, गळलेला परत लावता येत नाही.

थॉमसनचे प्रमाण रंगीत वाणांना लावू नये. आपल्या वाणाचे प्रमाण मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशीत बघून, मगच टाकी भरावी.