निळी बशी आधी उलटी करून बघा



मी कांजूरमार्गहून बोलतेय. आमची चाळ पाडायची ठरली, तेव्हा माळा रिकामा करताना सासूबाईंच्या लुगड्यात गुंडाळलेली एक मोठी पांढरी बशी निघाली. तिच्यावर निळं चित्र : झाड, पूल, वर दोन पक्षी. दारात भंगारवाला म्हणाला, "पन्नास रुपये देतो." शेजारीण म्हणाली, "अगं, लाखाची असेल!" मी दोघांचंही ऐकलं नाही. बशी उलटी करून बघितली.

आपण 'चिनी माती' म्हणतो ते उगीच नाही. १४व्या शतकात चीनमधल्या जिंगदेझेन गावात अशी निळी-पांढरी भांडी मोठ्या प्रमाणावर घडू लागली. निळा रंग कोबाल्टचा. १३०० अंशांच्या आसपास भट्टी तापली तरी तो टिकतो, बाकीचे बहुतेक रंग जळून जातात.

माझ्या बशीवरचं चित्र मात्र इंग्लंडचं. चिनी मालाची नक्कल म्हणून तिथल्या कारखान्यांनी ते १७९०च्या सुमारास काढलं आणि आजही ते छापलं जातं. म्हणून नुसत्या चित्रावरून वय ठरवू नका.

मग बघायचं काय? पहिलं, मागचा शिक्का. देशाचं नाव असेल तर बशी बहुधा १८९१ नंतरची. त्या सुमारास अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. 'मेड इन' असेल तर बहुतेक २०व्या शतकातली किंवा नंतरची. 'मायक्रोवेव्ह' शब्द दिसला तर जुनी म्हणून पैसे मोजू नका.

दुसरं, रेघ. हाताने रंगवलेली रेघ कुठे जाड, कुठे बारीक असते. जुन्या छापील बशीच्या काठावर नक्षीचा जोड सापडतो. भिंगातून एकसारखे बारीक ठिपके दिसले तर छपाई अलीकडची.

तिसरं, टिचकी. आवाज खणखणीत आला तर ठीक, बसका आला तर कुठेतरी तडा असू शकतो.

चौथं, मोबाईलचा टॉर्च मागून धरा. उजेड आरपार दिसला तर माती उंची. याने जात कळते, वय नाही.

महालक्ष्मी सरसला माल घेऊन मुंबईत आलात तर एक दिवस राखून ठेवा. अस्सल चिनी आणि जपानी भांडी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहात आहेत. जे. जे. कला शाळेत १८७०च्या दशकात घडलेली मुंबईची भांडी भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात आहेत. डोळा तयार झाला की मग चोर बाजार. कांजूरहून स्लो लोकलने सँडहर्स्ट रोडला उतरायचं आणि तिथून चालत मटण स्ट्रीट. चहाच्या पाण्याने भेगा काळवंडून नवी बशी जुनी करता येते, हे लक्षात ठेवा. विकणारा शंभर वर्षं सांगो की दोनशे, डोळ्यांना आवडली तेवढेच पैसे द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या आणि शोभेच्या भांड्यांच्या झिलईत शिसं असू शकतं. जयपूरची निळी भांडी तर गारगोटीची पूड, काच आणि मुलतानी माती यांची असतात, आणि त्यांच्या पारंपरिक झिलईत शिसं पडतं. लिंबू, चिंच, ताक अशा आंबट पदार्थांत ते उतरतं. लहान मुलांच्या मेंदूला आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला त्याचा धोका सगळ्यात जास्त. शिसं नसल्याची खात्री नसेल तर बशी भिंतीवरच शोभते, पानात नाही.

माझ्या बशीमागे 'मेड इन इंग्लंड' निघालं. लाखाची नाही आणि भंगारही नाही. तिच्यात लिंबाचं लोणचं वाढायचं माझ्या मनात होतं, ते राहिलं. आता ती भाड्याच्या खोलीत दारावर टांगली आहे. आल्यागेल्याची नजर आधी तिच्यावर जाते आणि सासूबाईंचा विषय निघतो.

तुमच्या फडताळात अशी बशी असेल तर आज उलटी करून बघा. पुढच्या बैठकीला घेऊन या, सगळ्याजणी मिळून बघू.