बाळाच्या बाप्तिस्म्याचे कपडे

देहूरोडहून लोकलने पिंपरी कॅम्पात बाप्तिस्म्याचे कपडे घ्यायला जाल, तर सॅटिनचा टाय-कोटवाला सूट आधी समोर येईल. मुलगा रुबाबदार दिसतो खरा, पण विधीला हा सूट अडचणीचाच. कॅथलिक पद्धतीत फादर बाळाच्या छातीला तेल लावतात, डोक्यावर तीनदा पाणी ओततात, मग टाळूला सुगंधी तेल लावतात. म्हणून पुढून उघडणारं, सैल गळ्याचं सुती झबलं घ्या. बंद असले तर मागे गाठ नको. पांढरं वस्त्र ख्रिस्तातल्या नव्या जन्माची खूण. ते पाण्यानंतर चढवतात, तेव्हा वरून घालता येईल असं हवं. शेजारी मेणबत्ती पेटलेली असते, त्यामुळे नायलॉनची जाळी टाळाच. काही चर्चमध्ये वस्त्र तिथूनच मिळतं. खरेदीआधी फादरना विचारा.