आमची भाची कोंबड्या शिकते!

मैत्रिणींनो, तुमच्या नात्यातल्या एखाद्या हुशार मुलीनं डॉक्टर व्हायचं ठरवलं तर तुम्ही पेढे वाटाल. इंजिनिअर व्हायचं ठरवलं तरी वाटाल. पण तिनं जर सांगितलं, "मी कोंबड्यांच्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेणार आहे," तर? खरं सांगा, हसू येईल की नाही? मला आलं होतं. त्या हसण्याची आज लाज वाटते, म्हणूनच हा लेख लिहायला बसले आहे.

गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. रविवारची सकाळ होती. आमच्या वन्सं लेकीला घेऊन आल्या आणि चहाचा कप हातात घेण्याआधीच म्हणाल्या, "तूच सांग हिला काहीतरी. तू शाळेत शिकवतेस, तुझं ऐकेल." भाचीनं नुकतीच पशुवैद्यकाची पदवी घेतली होती. वन्संच्या मनात होतं की तिनं कुत्र्या-मांजरांचा छानसा दवाखाना थाटावा, नाहीतर स्पर्धा परीक्षा देऊन पशुधन विकास अधिकारी व्हावं, आणि मधल्या काळात लग्नाचंही पाहावं. बाईसाहेबांनी मात्र कुक्कुटशास्त्रात एम.व्ही.एस्सी. करायचं ठरवलेलं. "लोकांना काय सांगू? मुलगी कोंबड्या राखते म्हणून?" असं म्हणताना वन्संच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मी हसून म्हटलं, "अगं, कोंबडीत दोन वर्षं शिकण्यासारखं काय असतं? दाणे टाकायचे आणि अंडी गोळा करायची!"

ती रागावली नाही. म्हणाली, "मामी, एकवीस दिवसांत अंड्यातून चालतं-फिरतं पिल्लू बाहेर येतं. त्यातलं तुला काय माहीत आहे ते सांग."

मी इतिहास घेऊन बी.ए. झालेली. गप्प बसले. आणि एकदम आठवलं, लग्नानंतर मलाही एम.ए. करायचं होतं. घरात कोणी नाही म्हटलं नव्हतं. फक्त सगळे हसले होते. तेवढ्यानंच माझा फॉर्म भरायचा राहून गेला.

तेवढ्यात सासूबाईंनी पोथी मिटली. आमचं घर शाकाहारी, अंड्याला स्वयंपाकघरात मज्जाव. आता या काय बोलतात म्हणून आम्ही सगळ्या धास्तावलो. त्या म्हणाल्या, "आमच्या माहेरी शेजारची बाई अंडी विकून पोरांच्या फिया भरायची. पण मानमोडी आली की आठवडाभरात खुराडं रिकामं. मग ती डोक्याला हात लावून ओट्यावर बसायची. त्यावर औषध शोधायला कोणी शिकत असेल तर शिकू दे की!"

वादच मिटला.

हे शिक्षण आहे तरी काय?

आधी सरळ माहिती सांगते, म्हणजे तुमच्याही घरात कोणाला उपयोगी पडेल. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हवं. ‘नीट’ परीक्षेच्या गुणांवर पशुवैद्यकाच्या पदवीला, म्हणजे बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच.ला प्रवेश मिळतो. ही पदवी साडेपाच वर्षांची, त्यातलं एक वर्ष प्रत्यक्ष कामाचं. त्यानंतर दोन वर्षांची एम.व्ही.एस्सी. त्यात मुलं एकेक विषय निवडतात. कोणी शस्त्रक्रिया, कोणी औषधशास्त्र, तर आमच्या भाचीसारखी एखादी कुक्कुटशास्त्र.

महाराष्ट्रात हे शिक्षण नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येतं. विद्यापीठ २००० सालचं, पण त्याचं मुंबईत परळला असलेलं महाविद्यालय १८८६ सालचं! नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथंही महाविद्यालयं आहेत आणि अकोल्याला पदव्युत्तर संस्था आहे. बाहेर जायची तयारी असेल तर बरेलीजवळ इज्जतनगरला १९७९ साली स्थापन झालेली केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे. तमिळनाडूत अंड्यांचं गाव म्हणून प्रसिद्ध असलेल्या नामक्कललाही पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कुठे कोणत्या विषयाच्या किती जागा आहेत, हे त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावं.

आणि शिकायचं काय? जात सुधारणं, म्हणजे आनुवंशिकता. खाद्य, म्हणजे रसायन आणि हिशेब दोन्ही. उबवणी, घरं, रोग आणि लसी, अंड्या-मांसाची प्रक्रिया, बाजार, आणि या सगळ्याला लागणारं संख्याशास्त्र. भाचीची वही पाहून माझी तर छातीच दडपली.

एक उबवणीच घ्या. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसते तेव्हा ती चोचीनं अंडी सारखी फिरवत असते. का? नाहीतर आतला गर्भ कवचाच्या पापुद्र्याला चिकटेल. यंत्रात हेच काम ठरावीक वेळानं करावं लागतं. उष्णता साधारण साडेसदतीस अंश सेल्सिअसच्या आसपास. अठराव्या दिवशी फिरवणं थांबवायचं आणि हवेतला दमटपणा वाढवायचा, म्हणजे पिल्लाला कवच फोडणं सोपं जातं. आपल्या आज्या डालग्याखाली कोंबडी बसवायच्या तेव्हा हे सगळं ती मुकी माउली आपोआप करत होती!

खाद्याचंही तसंच. कुक्कुटपालनाच्या खर्चातला निम्म्याहून अधिक वाटा खाद्याचा असतो. अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण शंभर ते सव्वाशे ग्रॅम खाते. तेवढ्यात तिची ताकद राखायची आणि रोजच्या कवचासाठी दोन ग्रॅमच्या आसपास चुनाही पुरवायचा. तो कमी पडला तर ती आपल्या हाडांतून देते. बायकांनो, ओळखीचं वाटतं ना?

कोंबडीनं जगाला काय शिकवलं?

"क्षुल्लक विषय" म्हणणाऱ्यांसाठी भाचीनं मला तीन गोष्टी पाठ करायला लावल्या. मी आता त्या शाळेतल्या मुलांनाही सांगते.

पहिली लुई पाश्चरची. १८७९-८० च्या सुमारास तो कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा अभ्यास करत होता. बरेच दिवस पडून राहिलेले जंतू टोचले, तर कोंबड्या मेल्या नाहीत. उलट पुढे ताजे जंतू टोचूनही त्या तगल्या. प्रयोगशाळेत जंतू दुबळे करून लस बनवता येते, हे कोंबड्यांनी दाखवून दिलं.

दुसरी ख्रिस्तिआन आइकमान या डच डॉक्टरची. जावा बेटावर, आजच्या जकार्तात, त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले. माणसांच्या बेरीबेरीसारखंच ते दुखणं होतं. शोध घेता कळलं, त्या पांढराशुभ्र सडलेला तांदूळ खात होत्या. कोंड्यासकटचा तांदूळ दिल्यावर बऱ्या झाल्या. जीवनसत्त्वांच्या शोधाची वाट अशी उघडली, आणि आइकमानला १९२९ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरणाऱ्या आपल्या आज्यांना ते कधी मिळालं नाही, एवढंच!

तिसरी डेन्मार्कच्या हेन्रिक डामची. स्निग्धांशरहित खाद्यावर वाढवलेल्या पिल्लांना रक्तस्राव होतो, हे पाहून त्यानं ‘के’ जीवनसत्त्व शोधलं. १९४३ च्या नोबेलमध्ये त्याचाही वाटा होता. बाळ जन्मल्यावर त्याला ‘के’ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात ना, त्याचं मूळ कोंबडीच्या पिल्लांत आहे.

तूस, तराजू आणि एक पावसाळी रात्र

दुसऱ्या वर्षी प्रबंध. भाचीचा विषय होता पिल्लांच्या खाद्यात लसूण आणि हळद घालून पाहण्याचा. कारण असं की जनावरांना-पक्ष्यांना विनाकारण अँटिबायोटिक दिली की जंतू त्यांना दाद देईनासे होतात, आणि मग माणसांच्या आजारातही ती औषधं निकामी ठरतात. म्हणूनच आपल्या देशात २०१९ साली खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांना कोलिस्टिन हे औषध देण्यावर बंदी आली. त्याला पर्याय शोधण्याचं काम जगभर चालू आहे.

तिनं एक दिवसाची पिल्लं आणली, त्यांचे गट पाडले. भाताच्या तुसाचा थर, वर उबेचे दिवे. पहिल्या आठवड्यात पंचाण्णव अंश फॅरनहाइट ऊब, मग दर आठवड्याला पाच अंश कमी. पण ती म्हणते, "मामी, थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघ. सगळी दिव्याखाली गोळा झाली तर त्यांना थंडी वाजतेय. लांब भिंतीकडे पळाली तर उकडतंय. सगळीकडे पसरून दाणे टिपत असली तर बरं चाललंय." अगदी तान्ह्या बाळाच्या खोलीसारखंच की!

मग एका रात्री धो धो पाऊस आला आणि वीज गेली. जनरेटर चालू होईना. अंधारात गारठलेली पिल्लं एकमेकांवर चढायला लागली. अशी चढली की खालची गुदमरतात. भाची आणि तिथले एक वयस्कर कामगार, दोघांनी पहाटेपर्यंत कोळशाच्या शेगड्या पेटत्या ठेवल्या आणि हातांनी ढीग मोडत बसले. तरी सव्वीस पिल्लं गेली.

सकाळी तिचा फोन आला. मी शाळेला निघाले होते. रडत म्हणाली, "मामी, आई म्हणत होती तेच खरं. हे माझं काम नाही." मला काय बोलावं सुचेना. एवढंच विचारलं, "उरलेल्यांना दाणे घातलेस का?" थोडं थांबून म्हणाली, "घालते." आणि फोन ठेवला.

तिच्या मार्गदर्शक बाईंनी ती सव्वीस पिल्लं प्रबंधात नोंदवायला सांगितली. शेवटी आकडेमोड झाली तेव्हा लसूण-हळदीच्या गटांत आणि साध्या गटात सांगण्यासारखा फरक दिसला नाही. मला वाटलं, आता हिची मेहनत फुकट गेली. ती म्हणाली, "नाही दिसला तर नाही दिसला असंच लिहायचं. पुढच्याला कळेल की इतक्या प्रमाणात घालून उपयोग नाही." परीक्षेत नापास होण्यापेक्षा नापास झाल्याचं खरं सांगणं अवघड असतं. हे आपण मुलांना कधी शिकवतो का?

स्वयंपाकघरात आलेलं शास्त्र

ज्यांच्या घरी चालतं त्यांच्यासाठी भाचीनं सांगितलेल्या चार गोष्टी:

तपकिरी अंडं पांढऱ्यापेक्षा पौष्टिक नसतं. कवचाचा रंग जातीवर अवलंबून असतो. बलक गडद पिवळा असतो तो खाद्यातल्या मक्यासारख्या पदार्थांतल्या रंगद्रव्यांमुळे.

अंडं पाण्यात टाकून पाहा. आडवं तळाशी बसलं तर ताजं. उभं राहिलं तर जुनं होत चाललंय. तरंगलं तर न वापरलेलंच बरं. जसजसे दिवस जातात तसतशी आतली हवेची पोकळी मोठी होते, म्हणून असं होतं.

"ब्रॉयलर कोंबड्यांना वाढीची इंजेक्शनं देतात" हा समज चुकीचा आहे. त्या लवकर वाढतात त्या निवडक जाती आणि मोजून दिलेलं खाद्य यांमुळे. शेडमध्ये हजारो पक्षी असताना प्रत्येकाला रोज सुई टोचणं परवडणारं तरी आहे का?

कच्ची चिकन हाताळल्यावर हात, सुरी, पाट साबणानं धुवा आणि मग कोशिंबीर चिरा. मांस आणि अंडी पूर्ण शिजवा. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले आणि माणसं घाबरून गेली. नीट शिजवल्यावर तो विषाणू टिकत नाही.

आईवडिलांनी आधी हे पाहावं

सगळं गोड गोड लिहून मी कोणाची फसवणूक करणार नाही. या कामात वास आहे, धूळ आहे, पहाटे उठणं आहे. कोंबड्यांना रविवार नसतो. बाजारभाव आज वर तर उद्या खाली. पदवीपासून धरलं तर शिक्षण संपेपर्यंत मुलगी पंचवीस-सव्वीस वर्षांची होते, तेव्हा घरच्यांना धीर हवा. आणि मुलगी म्हणून अडवणूकही होते. एका मुलाखतीत भाचीला विचारलं, "रात्री शेडवर थांबाल का? लग्न झाल्यावर काय कराल?" तिनं त्या पावसाळी रात्रीची हकिकत सांगितली. नोकरी मिळाली नाही. ती दुसऱ्याच ठिकाणी मिळाली.

वाटा मात्र पुष्कळ आहेत. उबवणी केंद्रं, खाद्याचे कारखाने, लसी बनवणाऱ्या कंपन्या, रोगनिदानाच्या प्रयोगशाळा, पशुसंवर्धन खातं, अध्यापन, किंवा स्वतःचा व्यवसाय. पुण्यात १९७१ साली वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू झाली, तेव्हापासून हा धंदा आपल्या राज्यात रुजला आहे. ज्या मुलीला प्राण्यांची किळस नाही, हिशेबाचा कंटाळा नाही आणि जी चुका लपवत नाही, तिनं जरूर जावं. केवळ मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून कोणी जाऊ नये.

आज आमची भाची एका रोगनिदान प्रयोगशाळेत काम करते. सुट्टीच्या दिवशी जवळच्या गावात बचत गटातल्या बायकांना परसातल्या कोंबड्यांना मानमोडीची लस कशी द्यायची ते शिकवते. लस थंड ठेवायची, वेळेवर द्यायची, एवढंच. पण तेवढ्यावर एखाद्या घरातली वह्यापुस्तकं अवलंबून असतात. मानमोडीलाच शास्त्रात रानीखेत म्हणतात, हे आता सासूबाईंनाही पाठ आहे. त्या आल्यागेल्याला सांगतात, "नात माझी कोंबड्यांची डॉक्टर आहे." वन्संही सांगतात, जरा हळू आवाजात, पण सांगतात.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात उद्या एखादी पोर असंच काही वेगळं बोलली, तर हो म्हणा किंवा नाही म्हणा, तो तुमचा अधिकार. पण हसू नका. आधी विचारा, "त्यात काय काय शिकवतात गं?" आणि ती सांगेल ते शेवटपर्यंत ऐका.

मी यंदा एम.ए.चा फॉर्म आणला आहे. या वेळी घरात कोणी हसलं नाही.