जिंकली ती पलटण!

१ मार्चचा शुक्रवार आठवतोय ना? तुमच्यापैकी कुणाचा, नाहीतर तुमच्या धाकट्या भावंडाचा त्या दिवशी दहावीचा पहिला पेपर होता. दिवसा मराठीचा पेपर कसा गेला याची चर्चा आणि रात्री, पुढच्या पेपरच्या अभ्यासातून वेळ काढून, हैदराबादची फायनल! गच्चीबावलीच्या इनडोअर स्टेडियममध्ये पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं आणि प्रो कबड्डीची ट्रॉफी पहिल्यांदाच पुण्याच्या नावावर लागली. तीही दहाव्या मोसमात. महाराष्ट्रातल्या संघानं ही लीग जिंकण्याची ही दुसरी वेळ. याआधी २०१५ मध्ये यू मुंबानं बाजी मारली होती.

स्टेटस टाकून झाले, रील्स फिरून झाल्या. आता जरा निवांतपणे या मोसमाकडे बघू या. तुम्ही कॉलेजच्या कबड्डी टीममध्ये असा, ढोल पथकात असा, नाहीतर पुरुषोत्तमच्या एकांकिकेत बॅकस्टेजला असा, पलटणनं ही ट्रॉफी कशी जिंकली ते समजून घेणं तुमच्या कामाचं आहे.

आधी थोडा हिशोब

साखळी फेरीत प्रत्येक संघाच्या वाट्याला २२ सामने होते. पलटणनं त्यातले १७ जिंकले, ३ बरोबरीत सोडवले आणि फक्त २ गमावले. गुण झाले ९६. तक्त्यात पहिला नंबर!

आता हे ९६ कसे आले ते मोजून बघा. तेव्हा विजयाला ५ गुण होते, बरोबरीला ३. म्हणजे १७ विजयांचे ८५ आणि ३ बरोबरींचे ९, एकूण ९४. उरलेले २ कुठून आले? त्या मोसमात प्रो कबड्डीत एखादा संघ ७ किंवा त्याहून कमी गुणांनी हरला, तर त्यालाही १ गुण मिळायचा. पलटणला दोन्ही पराभवांतून तो एकेक गुण मिळाला. याचा अर्थ काय? डिसेंबर ते फेब्रुवारी, बारा शहरांत फिरून खेळलेल्या २२ सामन्यांत या संघाला कोणीही आठ गुणांनी हरवू शकलं नाही. वाईट दिवशीसुद्धा ही मुलं सामन्यात टिकून होती.

गंमत पुढेच आहे. एवढं वर्चस्व गाजवणाऱ्या संघाचा एखादा रेडर गुणांच्या यादीत वरती असणार, असंच आपल्याला वाटतं. पण मोसमातला सर्वोत्तम रेडर ठरला दबंग दिल्लीचा आशू मलिक. रेडरच्या यादीत पहिल्या पाचांत पलटणचा एकही खेळाडू नाही!

मग गुण आणले कोणी?

सगळ्यांनी. थोडे थोडे. कर्णधार अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे असे चार चढाईपटू पलटणकडे होते आणि चौघंही सामना फिरवू शकणारे. एकाला समोरच्या बचावानं वाचून काढलं, तर दुसरा तयार. अस्लम आणि मोहित तर पकडीतही उतरतात. त्यामुळे समोरच्या कोचनं नेमकी कोणासाठी तयारी करायची, हाच प्रश्न.

फायनलच बघा ना. अंतिम सामन्यात सगळ्यांचं लक्ष अस्लमवर होतं. प्रत्यक्षात ९ गुण घेतले पंकज मोहितेनं. मध्यंतराच्या थोडं आधी त्यानं एकाच चढाईत चार गुण आणले आणि तोवर घासून चाललेला सामना पलटणकडे झुकला. मध्यंतराला १३-१० अशी आघाडी. नंतर लगेच हरियाणावर लोण चढवला आणि तिथून हरियाणाला पाठलागच करत राहावं लागलं. मोहितचे ५ गुण होते. सामन्याचा मानकरी ठरला पंकज.

या निकालामागे पंकजचं एक जुनं दुखणं होतं. १७ डिसेंबर २०२२, मुंबई. नवव्या मोसमाच्या फायनलमध्ये पलटण जयपूर पिंक पँथर्सकडून २९-३३ अशी हरली होती. त्या वेळी अस्लम आणि मोहित दोघंही दुखापतीमुळे बाहेर होते आणि चढायांचा भार पंकज, आकाश यांच्यावर आला होता. चार गुणांनी ट्रॉफी हुकली. चौदा महिन्यांनी तोच पंकज पुन्हा फायनलमध्ये उभा होता. फरक इतकाच की या वेळी सगळी पलटण मॅटवर होती.

कोपऱ्यातला इराणी

चढाई करणाऱ्यांचं कौतुक नेहमीच होतं. पण तीन गुणांनी जिंकलेल्या फायनलमध्ये समोरच्या संघाला २५ वर रोखणाऱ्यांचं काय? उपांत्य फेरीत तर पलटणनं पाटणा पायरेट्सला ३७-२१ असं हरवलं होतं. तीन वेळा ट्रॉफी जिंकलेल्या पाटण्याला चाळीस मिनिटांत फक्त २१ गुण!

ही भिंत चौघांची. एका कोपऱ्यात इराणचा मोहम्मदरेझा शादलुई, दुसऱ्या कोपऱ्यात गौरव खत्री आणि मध्ये कव्हरला संकेत सावंत आणि तमिळनाडूचा अबिनेश नादराजन. शादलुईनं मोसमभरात पकडींचे ९९ गुण घेतले आणि सर्वोत्तम बचावपटूचा मान मिळवला. हा पाटण्याचाच जुना खेळाडू, म्हणजे उपांत्य फेरीत त्यानं आपल्याच जुन्या टीमची वाट अडवली.

शादलुई पुण्यात कसा आला ती गोष्ट तर सिनेमात शोभावी अशी आहे. ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये भारत आणि इराण फायनलला समोरासमोर होते. एका चढाईच्या गुणांवरून एवढा वाद झाला की सामना तासाभराहून जास्त वेळ थांबला. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला. भारताच्या संघात अस्लम आणि आकाश शिंदे, इराणच्या संघात शादलुई. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव झाला आणि पलटणनं शादलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. प्रो कबड्डीत कुठल्याही परदेशी खेळाडूला तोवर एवढी रक्कम मिळाली नव्हती. ज्याच्याशी सुवर्णपदकासाठी भांडलो, त्याच्याच शेजारी साखळी धरून उभं राहायचं! कबड्डीत साखळी म्हणजे नुसता हात धरणं नव्हे. शेजाऱ्यानं कधी झेप घ्यायची हे त्याच्या हाताच्या दाबावरून कळावं लागतं. भाषा वेगळी असली तरी ते जमवावं लागतं, आणि या दोघा-तिघांनी ते जमवलं.

पैसा की धीर?

"म्हणजे शेवटी पैशानंच जिंकले की!" असं कट्ट्यावर कोणीतरी म्हणणारच. मग त्याच लिलावातलं दुसरं नाव बघा. सगळ्यात महाग गेला तो भारताचा कर्णधार पवन सेहरावत. तेलुगू टायटन्सनं त्याच्यासाठी २ कोटी ६० लाखांहून जास्त मोजले. पवननं खेळही जोरदार केला, पण त्याच्या जोडीला बाकीचा संघ उभा राहिला नाही. टायटन्सनं २२ पैकी २ सामने जिंकले आणि ते तळाला राहिले. आणि फायनल झाली ती त्यांच्याच हैदराबादमध्ये.

पलटणनं शादलुईवर पैसे लावले हे खरं. पण त्याच्या भोवतीची टीम लिलावात विकत घेतलेली नव्हती, ती आधीपासून घडवलेली होती. पंकज २०१९ पासून पलटणकडे आहे. अस्लम, मोहित आणि अबिनेश आठव्या मोसमात 'न्यू यंग प्लेअर' म्हणून आले. ही योजना काय असते? ज्या नवख्या मुलांना अजून फारसं कोणी ओळखत नाही, त्यांना लिलावाबाहेर थेट करारबद्ध करता येतं. तो मोसम कोरोनामुळे बंगळूरच्या एका हॉटेलात, प्रेक्षकांविना झाला. म्हणजे पुण्याच्या या पोरांनी पहिल्या चढाया टाकल्या तेव्हा टाळ्या वाजवायलाही कोणी नव्हतं. पलटण त्या वर्षी प्ले-ऑफपर्यंत गेली आणि बाहेर पडली. पुढच्या वर्षी फायनल हरली.

खरी परीक्षा त्या पराभवानंतर होती. फायनल हरलेल्या संघात मोडतोड करायचा मोह कोणालाही होतो. पलटणनं सोडलं ते आपल्या कर्णधाराला, इराणच्या फझल अत्राचलीला. बचावातलं लीगमधलं सर्वात मोठं नाव! आणि ठेवलं ते अस्लम, मोहित, पंकज, आकाश यांना. कोचही बदलला नाही. बी. सी. रमेश यांनी २०१९ मध्ये बंगाल वॉरियर्सला ट्रॉफी जिंकून दिली होती, त्यांच्याकडेच सूत्रं राहिली. कर्णधारपद दिलं अस्लमला.

हाच संघ पहिल्या दोन्ही मोसमांत, २०१४ आणि २०१५ मध्ये, तक्त्याच्या तळाला होता हे विसरू नका. तेव्हा पुण्यातही पलटणचा टी-शर्ट घालून फिरलं की मित्र टोमणे मारायचे.

टाकळीभानचा कर्णधार

अस्लम मूळचा नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा. वडील लहानपणीच गेले. आईनं शेतात मजुरी करून मुलं वाढवली. आज तो एशियन गेम्सचा सुवर्णपदक विजेता आहे, दहाव्या मोसमाचा 'मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर' आहे आणि तीन कोटींचं बक्षीस मिळवणाऱ्या संघाचा कर्णधार आहे.

अशी गोष्ट वाचली की अंगावर काटा येतो आणि बॅग भरून ॲकॅडमी गाठावीशी वाटते. जरूर जा. पण डोळे उघडे ठेवून जा. लीगमध्ये संघ बारा आहेत आणि प्रत्येक संघात जागा मोजक्या. महाराष्ट्रात गल्लोगल्ली मंडळं आहेत आणि प्रत्येक मंडळात एक तरी 'पुढचा अस्लम' आहे. गुडघा एकदा गेला की आख्खा मोसम जातो, कधी कधी खेळही सुटतो. म्हणून पदवी अर्धवट सोडू नका. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वे, पोलिस, बँका यांच्या संघांतून खेळता खेळता नोकरी करणारे कबड्डीपटू कितीतरी आहेत. पण तिथेही शिक्षणाची अट असतेच. खेळाची सर्टिफिकेटं आजपासून एका फाइलमध्ये नीट लावून ठेवा. आई म्हणते तेच आहे हे, पण या बाबतीत तिचं बरोबर आहे.

आणि मुलींचं काय?

हा प्रश्न विचारल्याशिवाय या विजयाचा आनंद पुरा होत नाही. हांगझोऊत ७ ऑक्टोबरलाच भारताच्या मुलींनी चायनीज तैपेईला २६-२५ असं हरवून कबड्डीचं सुवर्ण जिंकलं. त्या स्पर्धेतलं ते भारताचं शंभरावं पदक होतं. त्या संघात आपल्या पुण्याची स्नेहल शिंदे होती. तिला घरी परतल्यावर कुठल्या लिलावाची वाट बघायची होती? कुठल्याच नाही. प्रो कबड्डीच्या जोडीनं २०१६ मध्ये तीन संघांची महिलांची छोटी स्पर्धा झाली, ती पुढे चाललीच नाही.

आता विचार करा. अस्लम, मोहित, अबिनेश यांना नवखे असताना एका संघानं घेतलं, हरल्यावरही ठेवलं आणि तिसऱ्या वर्षी त्याचं फळ मिळालं. तेवढी तीन वर्षं, तेवढा पगार आणि तेवढा विश्वास एखाद्या मुलीला मिळाला तर? मुलींच्या कबड्डीत गुणवत्ता नाही असं हांगझोऊनंतर कोणी म्हणू शकत नाही. संधी द्यायची तेवढी राहिली आहे.

तुम्ही काय कराल?

पुढच्या मोसमाला अजून वेळ आहे. डिसेंबरात बालेवाडीत सामने झाले तेव्हा तिकिटासाठी धडपडलात, छान केलंत. आता परीक्षा संपल्या की तुमच्या भागात एखाद्या मंडळाची स्पर्धा लागेल. फ्लडलाइट, कर्कश माइक, वडापावची गाडी, सगळं असेल. तिथे जा. मुलींचे सामने आधी, उन्हात उरकून घेतात. तेव्हाही जा आणि टाळ्या वाजवा.

आणि सामना बघताना एक करून बघा. चढाईपटूवरची नजर थोडा वेळ काढा आणि कव्हरला उभ्या असलेल्या पोराकडे लावा. तो कोपऱ्यातल्या साथीदाराचा हात कसा धरतो, तो कधी सोडतो, पाय पकडला गेल्यावर पहिला कोण धावून येतो ते बघा. स्कोअरबोर्डवर गुण एकाच्याच नावावर लागेल. तो मिळवायला किती जण लागले, हे मात्र तुम्हाला कळलेलं असेल.