आहे, पण सापडत नाही

दहा लाख माणसं घ्या आणि त्यांतल्या प्रत्येक जोडीसाठी नाणं उडवा. छापा पडला तर दोघांची ओळख, काटा पडला तर नाही. अशा जाळ्याला रँडम ग्राफ म्हणतात. पॉल एर्डश आणि आल्फ्रेड रेन्यी या हंगेरियन गणितींनी 1959-60 मध्ये त्याच्या अभ्यासाचा पाया घातला. आता या जाळ्यात सगळे एकमेकांना ओळखतात असा सर्वांत मोठा गट केवढा असेल? सारा कारभार नशिबाचा, म्हणजे उत्तरही मोघमच असणार असं वाटतं. पण हिशेब नेमका आकडा देतो: 33. एवढ्या आकाराचे गट सरासरी शंभराच्या वर निघतात आणि 34 जणांचा एखादा निघण्याची शक्यता दोन हजारांत एकाहूनही कमी. मात्र तो 33 जणांचा गट हुडकायला बसलं की गाडी अडते. कुणीही एक निवडा, त्याच्या ओळखीचे पाच लाख उरतात. त्यांतला दुसरा घ्या, अडीच लाख. दर वेळी यादी निम्मी होते आणि विसाव्या माणसाच्या आसपास संपते. जाळं वाढवत नेलं की हातातला गट खऱ्या गटाच्या निम्म्याकडे झुकतो. त्यापुढे निश्चित प्रमाणात तरी जाणारा जलद अल्गोरिदम आहे का, हा रिचर्ड कार्प यांनी 1976 मध्ये विचारलेला प्रश्न अजून सुटलेला नाही. म्हणूनच एखादी गोष्ट आहे हे सिद्ध होणं आणि ती हाती लागणं, ही दोन वेगळी कामं मानायला हवीत.

कुणी म्हणेल, हे अजून कुणाला सुचलं नाही, इतकंच. असेलही; अशक्यतेची सिद्धता नाही. पण मुस्तझी रहमान आणि बालिंट विराग यांनी 2017 मध्ये विरळ जाळ्यांतल्या परस्परांना न ओळखणाऱ्यांच्या गटाबाबत दाखवलं, की फक्त आजूबाजूचं पाहून निर्णय घेणाऱ्या पद्धती निम्म्यावरच थांबतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: खऱ्या ओळखी नाणेफेकीने होत नाहीत, मित्राचा मित्र आपलाही होतो. खरंच आहे. पण हेतुपुरस्सर जमलेला गट ओळखायचा तर निव्वळ योगायोग कुठवर पोचतो हे आधी ठाऊक हवं. या जाळ्यात कुणी 50 जणांचा गट मुद्दाम पेरला, तर तो योगायोग नाही हे 33 हा आकडाच सांगतो. असा पेरलेला गट हजाराच्या घरातला असेल तर 1998 मधली अलोन, क्रिवेलेविच आणि सुदाकोव यांची पद्धत तो शोधून देते. पन्नासांचा गट झटपट शोधून देणारी पद्धत आजतरी माहीत नाही.