डिस्करहित संगणक आणि लेखनाचा अधिकार

वर्धा जिल्ह्यातील एखाद्या वृद्धेच्या तोंडचे 'मले' हे रूप टिपून घेतल्यावर कोणी सद्हेतूने ते 'मला' असे 'शुद्ध' केले, तर पुरावाच नाहीसा होतो. कागदावरची खाडाखोड निदान दिसत असे. सामायिक फाइलीत तीही दिसत नाही. तेव्हा विभागातील सर्व संगणक एकाच सर्व्हरवरून चालत असतील, तर तेथे लिहिण्याचा अधिकार कोणास असावा, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांवर सोपविता येत नाही.

डिस्करहित संगणक सुरू होताच नेटवर्कवरून आपला पत्ता मागतो, कार्यप्रणालीचा गाभा उतरवून घेतो आणि मूळ फाइलव्यवस्थाही सर्व्हरवरूनच जोडतो. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये पुढे आणलेली एनएफएस ही पद्धती यासाठी आजही वापरात आहे. मूळ फाइलव्यवस्था सर्वांस केवळ वाचनार्थ द्यावी. यंत्रास तात्पुरते लिहावयाचे ते त्याच्या स्मृतीत लिहिले जाते व यंत्र बंद होताच नष्ट होते. खरी अडचण सामायिक सामग्रीची आहे.

ती यंत्राने 'केवळ वाचनार्थ' जोडली म्हणजे काम झाले, असे पुष्कळांस वाटते. परंतु ते बंधन यंत्राने स्वतःच घालून घेतलेले असते. त्या यंत्राचा सर्वाधिकारी ते काढू शकतो. बंधन सर्व्हरवरच घातले पाहिजे. शिवाय नेहमीच्या रचनेत सर्व्हर माणसांची नावे ओळखत नाही; यंत्राने पाठविलेला वापरकर्ता-क्रमांक तो प्रमाण मानतो. (चिन्हाचा अर्थ संकेतावर अवलंबून असतो, हे आपणांस निराळे सांगावयास नको.) शून्य क्रमांक सर्वाधिकाऱ्याचा; सर्व्हर सहसा त्यास अधिकारहीन वापरकर्ता लेखतो. मात्र तोच सर्वाधिकारी, किंवा परवानगी असलेला पत्ता घेऊन आपला लॅपटॉप जोडणारा कोणीही, १००१ हा दुसऱ्याचा क्रमांक धारण करून आला, तर सर्व्हर त्यास अडवीत नाही. तेथे कर्बेरॉससारखी ओळख-पडताळणीच हवी. तिची मांडणी कटकटीची आहे, हे खरे.

म्हणून मूळ ध्वनिमुद्रणे व पहिली टिपणे सर्व्हरवर स्वतंत्र विभाजनात ठेवावीत आणि ते विभाजन सर्व यंत्रांस वाचनार्थच द्यावे. लेखनयोग्य फोल्डर त्याच विभाजनात ठेवले, तर दोहोंमधील सीमा तितकी पक्की राहत नाही. प्रत्येक अभ्यासकाने दुरुस्त्या आपल्या फोल्डरात निराळ्या फाइलीत लिहाव्यात. मूळ संग्रहात भर घालावयाची झाल्यास ती एकाच संग्रहपालाने, तीही सर्व्हरवर बसून, घालावी. 'मले' जागच्या जागी राहील, 'मला' ही सूचना शेजारच्या फाइलीत असेल.